छंदाला केआरए कशाला?

जानेवारी आला की नव्या डायरीत चौकोन आखले जातात. यंदा क्रॉस स्टिचचे बारा पीस. स्क्रॅपबुकची चोवीस पानं. जुन्या अर्धवट कामांपैकी किमान सहा पूर्ण. एक काम झालं की एका चौकोनात रंग भरायचा आणि डिसेंबरात त्या पानाचा फोटो टाकायचा. दिसायला हे फार गोड असतं. माझं म्हणणं असं की या प्रकाराने छंदाची वाट लागते आणि तो बंद करायला हवा.

शिस्तीशी माझं भांडण नाही. मी सॉफ्टवेअर इंजिनियर आहे. काल काय केलं, आज काय करणार, कुठे अडलंय, हे रोज सकाळच्या मीटिंगमध्ये उभ्याउभ्या सांगते. संध्याकाळी आणि सुट्टीच्या दिवशी क्रॉस स्टिच करते, त्यालाही सवय आणि चिकाटी लागतेच. माझं भांडण आहे ते वर्षाच्या आकड्याशी.

तो आकडा आला कुठून ते आधी बघू. सत्तरच्या दशकात इंटेलमध्ये अँडी ग्रोव्ह यांनी एक पद्धत बसवली: उद्दिष्ट ठरवायचं आणि त्याला मोजता येतील असे निकाल जोडायचे. तिथे काम केलेल्या जॉन डोअर यांनी १९९९ मध्ये ती गूगलमध्ये नेली. आज तिला ओकेआर म्हणतात. आपल्याकडच्या कंपन्यांत तिची चुलतबहीण केआरए नांदते. कंपनीला असलं काही लागतं हे मला मान्य आहे. शेकडो माणसं एका दिशेला वळवायची असतात, गुंतवणूकदारांना उत्तरं द्यायची असतात, पगारवाढीला काहीतरी आधार दाखवायचा असतो. पण रविवारी दुपारी खिडकीपाशी रिंग घेऊन बसलेल्या माणसाचा गुंतवणूकदार कोण? त्याला पगारवाढ कोण देणार आहे?

बरं, ऑफिसात तरी हे आकडे सरळ चालतात का? आमच्या धंद्यात कामाचा अवघडपणा स्टोरी पॉइंटमध्ये मोजतात. टीमने दर स्प्रिंटला किती पॉइंट संपवले याचा तक्ता वरिष्ठांपुढे जायला लागला की काही महिन्यांत तीन पॉइंटचं काम पाचचं होतं. कुणी ठरवून खोटं बोलत नाही, अंदाज आपोआप फुगतात. तक्ता वर चढतो आणि सॉफ्टवेअर होतं तिथेच राहतं. चार्ल्स गुडहार्ट या ब्रिटिश अर्थतज्ज्ञाने १९७५ मध्ये पतधोरणाबद्दल लिहिताना हाच धोका दाखवला होता. साध्या भाषेत सांगायचं तर, मापालाच ध्येय केलं की ते माप मोजण्याच्या लायकीचं राहत नाही. हे अर्थशास्त्रात खरं आहे, आयटीत खरं आहे आणि सुईदोऱ्यातही तितकंच खरं आहे.

हिशोबच करू. क्रॉस स्टिचला सर्रास वापरतात ते १४ काउंटचं आयडा कापड, म्हणजे एका इंचात १४ फुल्या. चार इंचांचा पूर्ण भरलेला चौकोन म्हणजे ५६ गुणिले ५६, ३,१३६ फुल्या. दहा इंचांचा चौकोन म्हणजे १९,६०० फुल्या. तासाला शंभर फुल्या धरल्या तर पहिल्याला ३१ तास आणि दुसऱ्याला १९६ तास. डायरीत मात्र दोघांनाही एकेकच चौकोन. मग बारा पीसचं टार्गेट घेतलेला माणूस सप्टेंबर उलटल्यावर काय निवडेल? कॅक्टसची कुंडी, चहाचा कप, मांजराचं तोंड. या छोट्या नक्षींना माझा विरोध नाही. मांजर आवडतं म्हणून मांजर करा. पण चौकोन लवकर भरतो म्हणून मांजर करणं वेगळं. तिथे नक्षीची निवड तुम्ही केलेली नसते, आकड्याने केलेली असते.

माझ्या रिंगवर पैठणीच्या पदरावरून घेतलेला मोर आहे, तिसरं वर्ष चालू आहे. पैठणी हातमागावर उभ्या-आडव्या धाग्यांतून विणली जाते, त्यामुळे तिची नक्षी चौकटींच्या कागदावर छान उतरते. शंका फक्त रंगांची. मोराच्या मानेला निळ्या आणि हिरव्याच्या मधली कुठली छटा द्यायची यावर माझे तीन रविवार गेले. त्या तीन रविवारी एकही टाका पडला नाही. कुठल्याही ट्रॅकरच्या लेखी ते तीन रविवार वाया गेले. माझ्या लेखी तोच छंद होता.

स्क्रॅपबुकचं तर याहून वाईट होतं. मशीनमधून निघणारं बसचं किंवा सिनेमाचं तिकीट थर्मल कागदाचं असतं. उजेडात, उन्हाळ्यात त्याची अक्षरं फिकी पडतात आणि काही वर्षांत नुसता पांढरा कपटा उरतो. म्हणून शेजारी हाताने लिहावं लागतं: कुठली बस, सोबत कोण होतं, खिडकीसाठी कोण भांडलं, हा कपटा का ठेवला. पानातला सगळ्यात सावकाश होणारा भाग हाच. चोवीस पानांचं ओझं डोक्यावर असलं की पहिल्यांदा काट बसते ती याच लिखाणाला. बाजारातली तयार स्टिकरची शीट चिकटवली की पान भरतं. दहा वर्षांनी ते उघडून बघाल तेव्हा स्टिकर झकास असेल आणि तिकीट कोरं.

आता उसवण्याबद्दल. मोजून करायच्या भरतकामात सुरुवातीला एक घर चुकलं की पुढचं सगळं एका घराने सरकतं. ते लक्षात येतं तेव्हा तिनेकशे फुल्या होऊन गेलेल्या असतात. अशा वेळी चांगली काम करणारी व्यक्ती कात्री घेते आणि उसवते. त्या दिवशीची तिची प्रगती उणे तीनशे. आमच्या क्षेत्रात याचा एक प्रसिद्ध किस्सा आहे. १९८२ मध्ये ॲपलच्या लिसा कॉम्प्युटरवर काम करणाऱ्या टीमला दर आठवड्याला किती ओळी कोड लिहिला हे फॉर्मवर भरायला सांगण्यात आलं. बिल ॲटकिन्सन यांनी नुकताच चित्रं काढणाऱ्या प्रोग्रॅमचा एक भाग नव्याने लिहिला होता. तो कितीतरी वेगवान झाला होता आणि सुमारे दोन हजार ओळी कमी झाल्या होत्या. त्यांनी फॉर्मवर आकडा भरला: उणे २०००. पुढे त्यांच्याकडे तो फॉर्म मागणंच बंद झालं. आपल्या डायरीतल्या चौकोनांत उणे भरायची सोय आहे का? नसेल, तर उसवायची वेळ येईल तेव्हा ती डायरी तुमच्या कानात सांगेल, जाऊ दे, लांबून कुणाला दिसत नाही.

कुणी म्हणेल, टार्गेटने हुरूप येतो. येतो, जानेवारीत येतो. १९७३ मध्ये लेपर, ग्रीन आणि निस्बेट या मानसशास्त्रज्ञांनी स्टॅनफर्डच्या बालवाडीत एक प्रयोग केला. चित्रं काढायला मुळातच आवडणारी मुलं निवडली. काहींना आधी सांगितलं की चित्र काढलंत तर प्रमाणपत्र मिळेल. काहींना न सांगता नंतर दिलं, काहींना दिलंच नाही. थोड्या दिवसांनी तेच रंगीत पेन वर्गात मोकळे ठेवले. ज्यांना आधी आमिष दाखवलं होतं ती मुलं आता बाकीच्यांच्या जवळपास निम्माच वेळ चित्रं काढत होती. आपण आपलं ठरवलेलं ध्येय आणि दुसऱ्याने दाखवलेलं बक्षीस एकच नाही, हे मान्य. पण रंगवलेला चौकोन, ॲपमधला बॅज, वर्षअखेरीचं चकचकीत कार्ड ही आधी जाहीर केलेली प्रमाणपत्रंच आहेत. फरक इतकाच की देणारेही आपण आणि घेणारेही आपणच.

मग म्हणतात, आधीच्या बायकांना नव्हत्या का तारखा? होत्या. बाळ यायच्या आत दुपटं, थंडीच्या आत स्वेटर, लग्नाच्या आत रुखवत. दुपट्याची तारीख बाळाची होती. ते एकच असायचं आणि पुरायचं. यंदा बारा दुपटी शिवायची असं कुणी ठरवलेलं मी ऐकलेलं नाही. रुखवताची गोष्ट मात्र वेगळी, आणि तिच्याबद्दल हळवं होण्याचं कारण नाही. दुसुतीवर भरलेले टेबलक्लॉथ, मण्यांची तोरणं, लोकरीचे पोपट लग्नाच्या हॉलमध्ये मांडायचे आणि दोन्हीकडच्या पाहुण्यांनी त्यावरून मुलगी किती कामसू, किती टापटिपीची हे जोखायचं. ते मुलीचं अप्रेझल होतं. कितीतरी जणींनी ते स्वतःच्या हौसेने केलं असेल, पण सुटकेची वाट नसताना केलेल्या हौसेचा हिशोब अवघड असतो. आता अनेक घरांत रुखवत विकत आणतात किंवा मांडतच नाहीत. जोखणारे पाहुणे उठून गेले. आणि आपण काय केलं? स्वतःच स्वतःचं रुखवत मांडलं, दर डिसेंबरला, पीस मोजून.

एक आक्षेप मला खरा वाटतो. माझ्या ओळखीच्या बऱ्याच जणी सांगतात, घरात नुसतं "मला भरतकाम करायचंय" म्हटलं की कुणी ऐकत नाही. कुकर लाव, कुरियर घे, जरा बाळाला बघ. "माझं टार्गेट आहे" म्हटलं की लोक दबकतात. कामाची भाषा वापरल्याशिवाय बाईच्या वेळेला किंमत मिळत नाही, हे वास्तव आहे, आणि त्यात टार्गेट ढालीसारखं वापरणाऱ्यांना मी नावं ठेवणार नाही. पण ढालीने नेमकं काय वाचवायचंय? वेळ. मग वेळच मागा. शनिवारी चार ते सहा मी उठणार नाही. त्या दोन तासांत तीनशे फुल्या पडोत, तीस पडोत किंवा गुंता सोडवण्यात दोन्ही तास जावोत. पीस मोजायला लागलात की घरचेही पीसच मोजतील: झाले ना या महिन्याचे दोन, मग आता ऊठ.

आकडा जिथे कामाचाच भाग असतो तिथे माझी काहीच हरकत नाही. तापमानाची चादर विणतात, रोज एक ओळ, त्या दिवशीच्या तापमानाप्रमाणे लोकरीचा रंग. तिथे ३६५ ओळी म्हणजेच चादर. गाठीचा टाका नीट जमवायचा, आयडा सोडून लिननवर करून बघायचं, हे ठरवणंही उत्तम, कारण त्यात हात शिकतो. भाचीच्या बारशाला तिचं नाव भरून द्यायचं, हे तर त्याहून उत्तम. या सगळ्यात काय करायचं आणि कुणासाठी, ते ठरलेलं आहे. "यंदा बारा" यात दोन्ही ठरलेलं नाही. काहीही चालेल, फक्त बारा हवेत.

आपल्या पिढीचं झोपेला ॲप आहे, पावलांना ॲप आहे, पाण्याच्या ग्लासांनाही आहे. ऑफिसात आम्ही तिकिटांनी मोजले जातो, ऑफिसबाहेर स्वतःलाच स्कोअर देतो. ज्याबद्दल कुणीही आपल्याला जाब विचारू शकत नाही असं दिवसातलं काय उरलंय याची यादी करून बघा. फार छोटी होईल. छंद त्या यादीत होता. त्यात अर्धवट सोडायची मुभा होती, वाईट करायची मुभा होती, वर्षभर हातही न लावायची मुभा होती. ही मुभा गेली तर उरतं ते दुसरं, बिनपगारी ऑफिस, आणि त्याला लागणारा दोराही आपल्याच पैशाने आणायचा.

तेव्हा यंदा कुणी विचारलं, किती पीस झाले, तर काय करतेयस किंवा काय करतोयस ते सांगा, किती ते सांगू नका. डायरीत चौकोन आधीच आखून झाले असतील तर त्यात दोऱ्यांचे नंबर लिहून ठेवा. लडी मध्येच संपते आणि दुकानात गेल्यावर नेमकी तीच छटा आठवत नाही. तिथे आकडा खरंच उपयोगी पडतो.