कानातला बिल्ला

विमा कंपनीतली नोकरी म्हणजे सुखाची नोकरी, असा आपल्याकडे समज आहे. डोक्यावर पंखा, वेळेवर पगार, पाठीशी संघटना. आणखी काय हवे? हा समज अगदीच खोटा नाही. सरकारी मालकीच्या एका सर्वसाधारण विमा कंपनीच्या जिल्हा शाखेत मी १९७९ साली कारकून म्हणून लागलो आणि छत्तीस वर्षांनी निवृत्त झालो. त्या पगारावर माझे घर उभे राहिले, मुले शिकली, हे प्रथम कबूल केले पाहिजे. परंतु त्या खुर्चीत बसून माणसाच्या मनाचे काय होते, याविषयी आम्ही कधी फारसे बोललो नाही. ते आता बोलावेसे वाटते.

२ ऑक्टोबर १९८० पासून एकात्मिक ग्रामीण विकास कार्यक्रम देशातील सर्व विकास गटांत लागू झाला. दारिद्र्यरेषेखालच्या कुटुंबांना बँकेचे कर्ज आणि सरकारचे अनुदान मिळून गाई-म्हशी देण्यात येऊ लागल्या, आणि त्या जनावरांचे विमे आमच्याकडे आले. विमा उतरलेल्या प्रत्येक जनावराच्या कानात क्रमांकाचा बिल्ला ठोकला जाई. जनावर मेले, तर पशुवैद्याचा दाखला आणि तो बिल्ला शाखेत सादर करावा लागे. बिल्ला नाही तर दावा नाही, असा रोकडा नियम होता. त्यामुळे कित्येक शेतकरी मेलेल्या गाईचा कानच कापून, फडक्यात गुंडाळून, एस. टी.ने घेऊन येत. दावे विभागाच्या टेबलावर ते फडके सोडले जाई आणि आम्ही नाकाला रुमाल लावून क्रमांक पडताळून पाहत असू.

एके दिवशी असाच एक भूमिहीन मजूर आला. त्याच्या फडक्यातल्या कानाला बिल्ला नव्हता. फाटलेले भोक तेवढे होते. बाभळीच्या कुंपणात अडकून बिल्ला तुटला, असे तो सांगत होता. पशुवैद्याचा दाखला होता, सरपंचाच्या सहीचा पंचनामा होता. मी नियम सांगितला. तो म्हणाला, "सायेब, गाय मेली ह्ये तरी खोटं न्हाई ना?" या प्रश्नाला माझ्याजवळ उत्तर नव्हते. मी कागदावर लिहिले, 'बिल्ला सादर केला नाही, सबब दावा नामंजूर', आणि शाखाधिकाऱ्यांची सही घेतली. गाय गेली, कर्ज तसेच राहिले. त्या दिवशी मी घरी जाऊन नेहमीसारखा जेवलो, ही त्यातली खरी लाज वाटण्याजोगी गोष्ट आहे.

नियम मूर्खपणाचा होता, असे मी म्हणणार नाही. एका बिल्ल्यावर दोन जनावरे दाखवणे, जिवंत गाय कागदावर मारणे, हे प्रकार घडत होते. परंतु त्यासाठी व्यापारी, मध्यस्थ आणि दाखला देणारा हात यांची साखळी लागते. ज्याला अशी साखळी जुळवता येत असे, त्याचे कागद नेहमी बिनचूक असत. नियमाचा फास बसे तो साखळी नसलेल्याच्या गळ्यात. लबाडाचा दावा मंजूर व्हावा आणि प्रामाणिकाचा नामंजूर व्हावा, अशी ती व्यवस्था होती, आणि तिच्यात आम्ही कर्तव्यदक्ष म्हणून ओळखले जात होतो.

आणि ही कंपनी कोणा शेठजीची नव्हती. १ जानेवारी १९७३ रोजी सर्वसाधारण विम्याचे राष्ट्रीयीकरण होऊन १०७ विमा संस्थांच्या चार कंपन्या करण्यात आल्या. समाजवादी विचाराच्या माणसांनी त्याचे मनापासून स्वागत केले. ते योग्यच होते. मालक बदलला नसता, तर विमा खेड्यातल्या गोठ्यापर्यंत पोहोचलाच नसता. पण मालक बदलल्याने धंद्याची सवय बदलली नाही. समोरच्या माणसावर संशय घेणे हेच आमचे कौशल्य राहिले. वर्षअखेरीला किती हप्ता जमा झाला आणि किती दावे दिले, याचे रकाने भरले जात. किती खरे दावे चुकीने नाकारले, हा रकाना कोणत्याही तक्त्यात नव्हता. आमच्या संघटनेनेही तो कधी मागितला नाही. महागाई भत्ता, बढत्या, बदल्या यांसाठी आम्ही निदर्शने केली, आणि त्या मागण्या न्याय्य होत्या. पण खिडकीपलीकडच्या माणसासाठी एकही ठराव केल्याचे मला आठवत नाही.

संशयावाचून विमा चालू शकतो, हे सांगणारा माणूस आपल्याच पुण्यात होता. १९७२ साली गुजरातेत एच-४ कापसासाठी पीकविम्याचा प्रयोग झाला, तो प्रत्येक शेतकऱ्याचे नुकसान वेगळे मोजण्याच्या तत्त्वावर. प्रा. वि. म. दांडेकरांनी वेगळी मांडणी केली. एका क्षेत्राचे सरासरी उत्पन्न ठराविक मर्यादेच्या खाली गेले, की त्या क्षेत्रातील सर्व विमाधारकांना सारख्या प्रमाणात भरपाई द्यावी. कोणाच्या बांधावर जाऊन तुझे खरे की खोटे, असे विचारूच नये. १९७९ ची पथदर्शी योजना आणि १९८५ ची व्यापक पीकविमा योजना या तत्त्वावर उभ्या राहिल्या. हिशेबाच्या सोयीइतकीच त्यात माणसाच्या प्रतिष्ठेचीही सोय होती, हे मला फार उशिरा उमगले. त्या पद्धतीतही दोष आहेत. गारपीट एकाच शिवारावर झाली तर सरासरी त्याला न्याय देत नाही, आणि पीक कापणीच्या प्रयोगावरून वाद होतात. पण ते वाद सगळे गाव मिळून घालू शकते. एकट्याने कापलेला कान घेऊन खिडकीशी उभे राहावे लागत नाही.

पुढे काळ उलटा फिरला. १९९९ च्या कायद्याने खाजगी कंपन्यांना दार उघडले. २०२१ साली परकीय भांडवलाची मर्यादा ७४ टक्क्यांवर नेली गेली, आणि त्याच वर्षी चार सरकारी कंपन्यांत सरकारचा किमान ५१ टक्के हिस्सा असलाच पाहिजे, ही अट कायद्यातून काढण्यात आली. २०१६ च्या प्रधानमंत्री पीकविमा योजनेत खाजगी कंपन्याही आल्या, आणि स्थानिक आपत्तीची सूचना ठराविक मुदतीत देण्याची अटही आली. महाराष्ट्राने २०२३ मध्ये एक रुपयात पीकविमा सुरू केला. बोगस अर्जांचा गवगवा झाला आणि २०२५ मध्ये ती सवलत बंद झाली. अर्ज बोगस होतेच. पण ते रचणारे कोण आणि सवलत गमावणारे कोण, हा प्रश्न मला त्या फाटक्या कानाची आठवण करून देतो.

आज शेतकऱ्याला खिडकीवर माझ्यासारखा कारकूनही भेटत नाही. दूरध्वनीवर एक आवाज भेटतो. तो आवाज बहुधा कंत्राटावरच्या एखाद्या तरुणाचा असतो. मला नोकरीची शाश्वती होती. नियमाविरुद्ध चार ओळींची टिपणी वर पाठवली असती, तर माझे फारसे काही बिघडले नसते. मी ती पाठवली नाही. त्या तरुणाला तर तेवढीही मोकळीक नाही. म्हणून त्याच्या नोकरीच्या शाश्वतीची मागणी ही केवळ त्याच्या पोटाची मागणी नाही. ती शेतकऱ्याचीही मागणी आहे.

विमा कर्मचाऱ्यांच्या संघटना खाजगीकरणाविरुद्ध लढत आहेत आणि मी त्यांच्या बाजूने आहे. परंतु सार्वजनिक मालकी टिकवायची, तर ती लोकांना आपली वाटली पाहिजे. नाकारलेल्या प्रत्येक दाव्याचे कारण मराठीत, लेखी मिळावे. त्याची फेरतपासणी शेतकऱ्यांचे प्रतिनिधी असलेल्या समितीने करावी. आणि चुकीच्या नकारांचा आकडा दरवर्षी जाहीर व्हावा. संघटनेच्या मागणीपत्रात महागाई भत्त्याच्या खालोखाल हे तीन मुद्दे आले, तर उद्याच्या मोर्चात आपल्या मागे खेड्यातली माणसेही चालतील. त्या मजुराच्या प्रश्नाचे उत्तर मी त्या वेळी दिले नाही. गाय खरोखरच मेली होती.