धावणाऱ्यामागे गाव हवे

१९२०च्या अँटवर्प ऑलिंपिकमध्ये बेळगावचे फडेप्पा चौगुले मॅरेथॉन धावले. अंतर ४२.७५ किलोमीटर, क्रमांक १९वा. पाय त्यांचे होते, पण १९१९मध्ये पुण्याच्या डेक्कन जिमखान्यावर अनवाणी धावणारी पोरे पाहून दोराबजी टाटांनी खिशात हात घातला, म्हणून संघ गेला.

आज यवतमाळच्या रस्त्यांवर पोलीस भरतीसाठी मुले-मुली पहाटे धावतात. सध्या कुणी सहरी आटोपून, कुणी नुसत्या चहावर. भरतीत मुलांना १६०० मीटर, मुलींना ८०० मीटर धावायचे असते. त्यांच्यातला एखादा मॅरेथॉनचाही असेल, पण ते ओळखणार कोण? कष्टाला ही पोरे मागे हटत नाहीत. कमी पडतात ते बूट आणि मार्गदर्शक.

रमजानमध्ये देणाऱ्याचा हात सैल असतो. यंदा ईदच्या खरेदीत बुटांचा एक जोड जास्त घ्यावा. धावणारा कुठल्या मोहल्ल्याचा, हे विचारू नये.