यंत्रासोबत नकाशाही देणारे लोक

आपल्या कापडाच्या धंद्यात डिझाइन ही तिजोरीत ठेवायची चीज. सुरतेहून आलेला नवा नमुना आठ-दहा दिवसांत भिवंडी-मालेगावच्या मागांवर उतरतो आणि ज्याने मेहनत केली तो हात चोळत बसतो. अशा व्यापाऱ्याला कोणी सांगितले की काही लोक यंत्र बनवतात आणि त्याचा नकाशा, मापे, सुट्या भागांची यादी सगळ्या जगाला देऊन टाकतात, तर तो हसेल. पण शास्त्रीय संशोधनाच्या उपकरणांत गेली वीस वर्षे हे चालू आहे, आणि आपल्या फिटर, टर्नर, वायरमन बांधवांनी त्याकडे लक्ष द्यावे, असे माझे स्पष्ट मत आहे.

इंग्रजीतल्या ‘फ्री’ या शब्दाने फार घोळ घातला आहे. आम्ही उर्दू शाळेत शिकलेल्यांना हा फरक सांगावा लागत नाही : मुफ्त वेगळे, आझाद वेगळे. 1983 मध्ये अमेरिकेत रिचर्ड स्टॉलमन यांनी संगणकाच्या प्रोग्रामसाठी जी चळवळ सुरू केली, ती आझादीची होती. पैसे घेऊन विकायला तिची ना नाही. त्यांच्या परवान्याची अट अशी की, आमच्या कामात सुधारणा करून ते पुढे दिलेत, तर ती सुधारणाही उघडी ठेवा. हाच विचार पुढे यंत्रांकडे आला. जिनिव्हाजवळच्या सर्न या अणुसंशोधन संस्थेने 2011 मध्ये यंत्रांच्या नकाशांसाठी असाच लेखी परवाना तयार केला.

एक उदाहरण घेऊ. इंग्लंडमधील बाथ आणि केंब्रिज विद्यापीठांतून ‘ओपनफ्लेक्शर’ नावाचा सूक्ष्मदर्शक निघाला. नेहमीच्या सूक्ष्मदर्शकात काच सरकवायला बारकाईने घासलेल्या धातूच्या पट्ट्या लागतात. तिथेच खरा खर्च असतो, आणि तिथेच झीज होते. या यंत्रात सरकणारा भागच ठेवलेला नाही. प्लॅस्टिकच्या पातळ पट्ट्या स्क्रू फिरवला की किंचित वाकतात, आणि त्या वाकण्यावर मिलिमीटरच्या हजाराव्या भागापेक्षाही बारीक हालचाल मिळते. सांगाडा थ्रीडी प्रिंटरवर छापायचा. भिंग, छोटा कॅमेरा आणि मोटारी बाजारातून आणायच्या. टांझानियातील दार-ए-सलाम येथील कारागिरांनी हे यंत्र तिथेच बनवले, आणि मलेरियाचे जंतू पाहण्यासाठी त्याची चाचणी तिथल्याच संशोधकांबरोबर झाली. परदेशी सूक्ष्मदर्शकाचा एक दात तुटला तर तो भाग मागवण्यात किती काळ जातो, हे आपल्याकडच्या कॉलेजांतही कोणी सांगेल. कापडाच्या खोळीखाली झाकलेली, वर्षानुवर्षे बंद पडलेली यंत्रे मी स्वतः पाहिली आहेत. तिथे भाग तुटला की त्याच गावात पुन्हा छापता येतो.

ज्या प्रिंटरवर हे छापतात, त्याची कहाणी व्यापाऱ्याने जरूर वाचावी. प्लॅस्टिकची तार वितळवून थरावर थर देण्याच्या पद्धतीचे मूळ पेटंट 2009 मध्ये संपले. त्याआधीच, 2005 पासून, बाथ विद्यापीठाचे एड्रियन बोयर ‘रेपरॅप’ नावाने खुल्या नकाशाचा प्रिंटर बनवत होते. पेटंट उठताच बाजार खुला झाला. न्यूयॉर्कच्या मेकरबॉट कंपनीने या सामाईक ज्ञानावर धंदा उभा केला, जगभरच्या हौशी कारागिरांच्या सुधारणा घेतल्या, आणि 2012 मध्ये नव्या मशीनचा नकाशा बंद केला. पुढच्याच वर्षी कंपनी विकली गेली. ही बेइमानी नव्हे, असे म्हणणारे पुष्कळ आहेत. कायद्याने कदाचित नसेलही. मला ती पटत नाही. उलट चेक देशातील जोसेफ प्रुशा यांनी नकाशे उघडे ठेवून मोठा कारखाना चालवला. पण 2023 मध्ये त्यांनीच जाहीर लिहिले की नकला करणारे घेतात आणि परत काही देत नाहीत. तेव्हा या धंद्यात लबाडी नाही, असे मी म्हणणार नाही.

मग कमाई कशाची? जोडणीची, तपासणीची, दुरुस्तीची आणि नावाची. इटलीत 2005 मध्ये निघालेल्या आर्डुइनो या छोट्या सर्किट बोर्डाचा नकाशा कोणीही वापरावा, नाव मात्र वापरायचे नाही, असा त्यांचा शिरस्ता. गिऱ्हाईक नावाला पैसे मोजते, हे आपल्या साडीबाजाराला वेगळे सांगायला नको.

आपल्या देशातही हे काम आहे. दिल्लीच्या इंटर-युनिव्हर्सिटी ॲक्सिलरेटर सेंटरने ‘एक्सपआइज’ नावाची छोटी पेटी तयार केली. संगणकाला जोडली की ती भौतिकशास्त्राच्या प्रयोगांत व्होल्टेज आणि वेळ मोजते. नकाशा खुला असल्याने ती बनवून विकणे हा कोणाचा मक्ता नाही. पुण्याजवळ पाबळच्या विज्ञान आश्रमात 2002 पासून फॅब लॅब चालते. तिथे खेड्यातली मुले यंत्रावर हात चालवायला शिकतात. प्रोग्रामच्या बाजूला आयआयटी मुंबईचे मराठीतले ध्वनी-चित्र पाठ मोफत मिळतात. अमेरिकेच्या आरोग्य संस्थेत तयार झालेला ‘इमेजजे’ हा प्रोग्राम पेशी मोजण्यासाठी आहे, पण कापडाचा जवळून काढलेला फोटो घातला तर धागे मोजायलाही चालतो. पीक मोजायचे भिंग घेऊन डोळे थकवणाऱ्या तपासनिसांनी एकदा करून पाहावे.

आपल्या शाळा-कॉलेजांच्या विश्वस्तांना माझी विनंती आहे. प्रयोगशाळेसाठी निविदा काढताना एक ओळ वाढवा : यंत्राचे नकाशे आणि सुट्या भागांची यादी सोबत द्यावी. जो देणार नाही त्याला दुरुस्तीचा पाच वर्षांचा दर आधीच लिहून मागा.

कारागिरांना एक इशारा. रुग्णाच्या तपासणीसाठी यंत्र विकायचे झाले तर 2017 चे वैद्यकीय उपकरण नियम लागू होतात आणि त्यांची परवानगी घ्यावी लागते. नकाशा खुला आहे म्हणून ती टळत नाही. शिकवण्याच्या प्रयोगशाळेपासून सुरुवात करावी. बिलात सामानाची किंमत आणि जोडणीची मजुरी वेगळी दाखवावी, आणि मूळ नकाशा कोणाचा, हे यंत्रावर छापावे. परवाना सहसा तेवढे तरी मागतोच.