कापूस आपला, अन् झोपायला फोम?



आज फवारणीचं नाही, खताचं नाही, अंथरुणाचं लिहितो. हसू नका, विषय कापसाचाच आहे.

लग्नसराई चालू आहे. यंदा गावातून आंदणाच्या जेवढ्या गाड्या गेल्या, त्यातल्या एकीतही मला कापसाची गादी दिसली नाही. साऱ्या फोमच्या, प्लास्टिकात गुंडाळलेल्या. अन् ज्या घरातून गाडी निघाली त्याच घराच्या ओसरीत आढ्यापर्यंत कापूस भरून ठेवलेला, भाव वाढेल म्हणून. तालुक्याच्या दुकानात एका जाड डबल गादीचे चौदा हजार सांगतात. म्हणजे दीड-पावणेदोन क्विंटल कापूस मोडायचा अन् त्याच्या बदल्यात खनिज तेलाचा फेस घरी आणायचा. फोम म्हणजे दुसरं काही नाही. तेलापासून काढलेली दोन रसायनं मिसळली की ते पावासारखं फुगते. नव्या गादीचा जो वास आठ-पंधरा दिवस येते ना, तो त्यातून सुटणाऱ्या वाफांचाच.

फोमनं कॅन्सर होते वगैरे व्हॉट्सअॅपवर फिरते, ते मी म्हणणार नाही. माझा मुद्दा घामाचा आहे.

खरेदी केंद्रावर कापूस नेला की आधी काय तपासतात? ओल. ८ टक्क्यांपर्यंत पूर्ण भाव, पुढं कपात, १२ च्या वर गेली की गाडी परत. आपल्या साऱ्यांना हे पाठ आहे, कारण तिथं आपला खिसा कापला जाते. पण कापूस ओल धरते तेच तर त्याचं काम आहे. हवेतली ओल तो आपल्या वजनाच्या आठ टक्क्यांच्या आसपास सहज पिऊन ठेवते, अन् ऊन दाखवलं की सोडून देते. पॉलिस्टर अर्धा टक्कासुद्धा पीत नाही. आता मे महिन्यात पारा ४४-४५ वर असताना दिवसभर वखर-पऱ्हाटीत राबलेला माणूस रात्री कशावर झोपला पाहिजे, ते तुम्हीच सांगा. फोमवर अंग रुतते, खालून हवा लागत नाही, पाठ घामानं भिजते, मग कूलर वाढवा. पोरांच्या पाठीवरच्या घामोळ्याला पावडरीचे डबे रिकामे होतात, पण चादर उचलून खाली काय आहे ते कोणी पाहत नाही.

गोधडीचंही तेच झालं. आजीच्या गोधडीत सुती लुगडी राहायची. आता कपाटात साड्याच पॉलिस्टरच्या, त्यामुळं गोधडी हातानं शिवलेली असली तरी अंगाला चिकटते. आकार जुना, माल बदलला.

“कापसाच्या गादीत गाठी पडतात, ढेकूण होतात, जड राहते.” हे मला घरात, दारात, पोस्टखाली, सगळीकडे ऐकवतात. पडतात गाठी. कारण तीन-चार वर्षांनी गादी उसवून पिंजायची असते, ते आपण सोडलं. पिंजली की तोच कापूस पुन्हा फुगते. ढेकणाला शिवण लागते, मग ती फोमच्या खोळीची असो की आपल्या. फरक एवढाच की कापसाची गादी महिन्यातून एकदा उन्हात टाकून काठीनं झोडता येते. फोमला कडक ऊन लागलं की तो पिवळा पडून भुगा व्हायला लागते. दबला की दबला, मग उकिरड्यावर. तिथं तो सडत नाही, अन् पेटवला तर विषारी धूर होते. हो, कापूसही पेटते, आतल्या आत धुमसत राहते, म्हणून खाटेवर पडून बिडी ओढणाऱ्यानं दोन्हीपासून जपावं.

“ऑर्थोपेडिक” हा शब्द गादीवर छापला म्हणून ती डॉक्टरनं तपासली असं होत नाही. अन् कापसाच्याच नावाखाली जुन्या चिंध्या फाडून केलेला भुसा भरणारेही आहेत, बाजारात नीट पहा. मूठभर काढून एक बोटभर वात पेटवा. कापूस कागदासारखा जळून मऊ राख होते. पॉलिस्टर वितळून कडक मणी होते.

आता हिशेब. एक क्विंटल कापसातून साधारण ३४ किलो रुई निघते, बाकी बहुतेक सरकी, ती ढोरांना. डबल गादीला १८ किलो धरा, सिंगलला १०, उरलेल्यात चार उशा. २०२५-२६ चा लांब धाग्याचा हमीभाव ८,११० रुपये. म्हणजे एवढ्या कापसात घरातल्या दोन खाटा होतात, सरकी वेगळी, खोळ अन् पिंजाई वरून. चौदा हजारांत एक गादी घेणाऱ्यानं हे कागदावर मांडून पाहावं. पण कापूस पहिल्या-दुसऱ्या वेचणीचा घ्या. आपली सवय अशी की चांगला केंद्रावर अन् कवडी घरात. कवडीत बुरशी, धूळ, बोंडअळीची घाण. त्यावर लेकराला झोपवायचं?

अडचण एक खरी आहे, जिनिंगवाला एका क्विंटलसाठी यंत्र लावत नाही. आठ-दहा घरांनी मिळून गाडी नेली तर बोलणं होते.

कृषी विद्यापीठातली साहेब मंडळी इथं वाचतात, त्यांना एक विचारतो. तुमची सारी शिफारस धाग्याच्या लांबीवर, कारण गिरणीला लांब धागा पाहिजे. गादीला नको. बीटीचा लांब, बारीक धागा लवकर दबते. गावरानीचा आखूड, जाडा धागा फुगून राहते, पिंजारी चाचांना हे हातात घेताच कळते. देशीचं बोंड लहान, वेचणी महाग, फुटला की कापूस गळते, हे मान्य. पण रसशोषक किडी तिला कमी सतावतात अन् पावसाचा ताण ती सोसते. घरच्या गादी-गोधडीसाठी दहा ओळी कोणती जात लावावी, बियाणं कुठून घ्यावं, याची एखादी घडीपत्रिका तुमच्याकडं आहे का? मी मागितली, मिळाली नाही.

२०२५ च्या ऑगस्टमध्ये कापसावरचं ११ टक्के आयात शुल्क काढलं, आधी सप्टेंबरपर्यंत, मग डिसेंबरपर्यंत. आपण सारे तावातावानं बोललो, मीही बोललो. बोललंच पाहिजे. दोन गाद्यांनी बाजारभाव हलणार नाही, हे मला कळते. पण “आमचा कापूस घ्या” म्हणणाऱ्याच्या खाटेवर फोम पाहून शहरातला पाहुणा काय समजत असेल?

आमच्या बाजूच्या आठवडी बाजारात पूर्वी पिंजाऱ्यांची रांग लागायची. आता दोघे उरले, त्यातल्या एकाचा पोरगा फोमच्या दुकानात कामाला आहे. दोघांचीही यंत्रं चालू आहेत. येत्या बाजारी मी दोन जुन्या गाद्या उसवून नेतो आहे, ज्याला गाडीत जागा पाहिजे त्यानं आदल्या रात्री सांगावं.