मोटारीच्या हुकुमास पोच हवी

विहिरीवरील मोटार मोबाईलवर संदेश पाठवून घरबसल्या चालू-बंद करणारी पेटी, जिला आपले शेतकरी ‘मोबाईल स्टार्टर’ म्हणतात, ती आतां नवलाची वस्तु राहिलेली नाहीं. पुण्याचे श्री. संतोष ओस्तवाल यांच्या ‘नॅनो गणेश’ या यंत्रास नोकिया कंपनीच्या स्पर्धेंत पारितोषिक मिळालें तें २००९ सालीं. त्यानंतर तशा अनेक पेट्या बाजारांत आल्या. जेथें शेतीस रात्रपाळीनें वीज मिळते, तेथें अंधारांत बांध तुडवीत विहिरीवर जाण्याचें, व जुन्नर-शिरूरकडे बिबट्याच्या वाटेंत सांपडण्याचें, संकट या पेटीनें टळतें. हा उपकार आम्ही लहान मानीत नाहीं. परंतु पेटी घेतांना आपले बांधव केवळ किमतीकडे पाहतात, तें आम्हांस मान्य नाहीं.

आमची सारी नोकरी महसूल खात्यांत आवक-जावकाच्या वहीवर गेली. जावक नोंदलें म्हणजे कागद पोंचला, असें तेथें कोणी मानीत नाहीं. पोच आली म्हणजे मग ती बाब मिटते. मोटारीचेंही तसेंच आहे. पेटींत एक सिमकार्ड असतें. नोंदलेल्या क्रमांकावरून संदेश आला कीं आंतील रिले स्टार्टरचें बटण दाबल्याचें काम करितो. येथवर सर्व पेट्या सारख्याच. पण मोटार खरोखर फिरली काय, तिन्ही फेज आहेत काय, विहिरींत पाणी आहे काय, हें तपासून उलट कळविणारी पेटी निराळी. एक फेज गेलेली असतां मोटार घूं घूं करीत तापते आणि वायंडिंग जळतें. पाणी आटलें असतां पंप कोरडा फिरून बिघडतो. आणि धनी घरीं निश्चिंत!

याहून गंभीर एक गोष्ट आहे, व तिच्याकडे फारच थोड्यांचें लक्ष आहे असें आम्हांस वाटतें. लेखी संदेश प्रथम मोबाईल कंपनीच्या केंद्रांत जातो. पुढील यंत्र बंद असल्यास तो तेथें थांबतो व यंत्र जागें झालें कीं पोंचतो. ज्या पेटींत बॅटरी नाहीं ती वीज जातांच निजते. म्हणजे सायंकाळीं सहाला धाडलेला ‘चालू’चा हुकूम, वीज दहाला आली तर, दहाला अंमलांत येऊं शकतो. मधल्या चार तासांत कोणी फूटव्हॉल्व्ह साफ करण्यास विहिरींत उतरला असेल, कोणी उघड्या जोडास हात लावीत असेल. पेटीस त्याची खबर नाहीं. शिळा हुकूम ती ताज्यासारखाच पाळते. (मिस्ड-कॉलवर चालणाऱ्या पेटींत हा दोष नाहीं, घंटा वाजली तर आतां, नाहीं तर नाहीं.) म्हणून दुरुस्तीपूर्वीं मेनस्विच पाडून फ्यूज काढावा व स्वतःच्या खिशांत ठेवावा. ‘मुलाला फोनवर सांगून ठेवलें आहे’ एवढ्या भरंवशावर कोणीही विहिरींत उतरूं नये.

कित्येक विक्रेते त्याच पेटींत ‘ऑटो’ची सोय असल्याचें भूषण सांगतात. वीज येतांच साऱ्या मोटारी एकदम सुटतात, सुरू होतांना प्रत्येक मोटार नेहमीच्या कित्येक पट प्रवाह ओढते, आणि डी.पी. जळते. ऑटोस्विच काढा, असें महावितरण वारंवार सांगत आलें आहे. त्यांच्या इतर कारभाराविषयीं आमचें मत कांहीं असो, येथें त्यांचें म्हणणें खरें आहे. हुकुमानें चालणारी पेटी असतां एका डी.पी.वरील मंडळींनीं दहा-दहा मिनिटांची पाळी लावून घेणें कांहीं अवघड नाहीं.

सिमचा रिचार्ज संपला कीं पोचही थांबते, हें ध्यानांत ठेवावें. संदेशावर चालणाऱ्या पेटीस इंटरनेट लागत नाहीं. केवळ बोलणें व संदेश यांचे निराळे पॅक कंपन्यांनीं द्यावे, असा नियम दूरसंचार नियामक प्राधिकरणानें डिसेंबर २०२४ मध्यें केला आहे. दुकानदारापाशीं तोच पॅक मागावा.

आपल्या संस्थेनें सभासदांकरितां अशा पेट्या एकगठ्ठा घेण्याचें मनांत आणल्यास प्रथम नमुना मागवून पाहावा. मोटारीऐवजीं दिवा जोडावा, पेटीची वीज तोडावी, ‘चालू’चा संदेश धाडावा, आणि अर्धा तास थांबून वीज द्यावी. दिवा आपोआप लागला, तर ती पेटी विक्रेत्यास परत करावी.