मेलेल्या पक्ष्यांकडे काय पाहायचे?



सुट्टीत मुलांना म्युझियममध्ये नेणे म्हणजे पेंढा भरलेली जनावरे पाहायला पैसे मोजणे, हे गेल्या आठवड्यातील पत्रलेखकांचे मत वाचले. खर्चाचा मुद्दा मान्य. भिवंडीहून चौघांनी निघायचे तर आधी रिक्षाने किंवा एसटीने ठाणे-कल्याण गाठा, मग लोकलने सीएसएमटी, वर तिकिटे आणि खाणेपिणे. पण ‘मोबाइलवर जिवंत प्राणी दिसतात की’ हे काही पटले नाही. मोबाइलवर गवा आणि मांजर एकाच मापाचे!

छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाच्या निसर्ग विभागात धनेशाच्या काचेपुढे मी मुलांना त्याचा संसार सांगितला. मादी ढोलीत शिरून दार लिंपून घेते, चोच जाईल एवढीच फट ठेवते आणि नर बाहेरून फळे भरवतो. धाकटी तिथून हलेना. ‘तो परत आलाच नाही तर?’ सौ.ने ‘बाबांना विचार’ म्हणून वेळ मारून नेली.

आणि पक्षितज्ज्ञ सलीम अली? लहानपणी मारलेली पिवळ्या गळ्याची चिमणी ओळखून घ्यायला ते बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत गेले. सोसायटीचे सचिव असलेल्या मिलार्डसाहेबांनी त्यांना दाखवला तो पेंढा भरलेल्या पक्ष्यांचाच संग्रह. पुढे १९२६ मध्ये याच संग्रहालयाच्या निसर्ग विभागात ते मार्गदर्शक-व्याख्याते म्हणून नोकरीला लागले.

आमच्याकडच्या शाळांना सहल म्हटली की वॉटर पार्कच आठवतो. एखाद्या वर्षी बस फोर्टकडे वळवायला काय हरकत आहे?

— एक वाचक, भिवंडी