तोंड मोठे, घसा अरुंद

मोटारीचे इंजिन पेट्रोलवर चालते, असे सर्वसाधारणपणे मानले जाते. वस्तुतः ते पेट्रोल आणि हवा यांच्या मिश्रणावर चालते आणि या मिश्रणात हवेचा वाटा फार मोठा असतो. एक ग्रॅम पेट्रोल पूर्णपणे जळण्यास सुमारे १४.७ ग्रॅम हवा लागते. पेट्रोल पंपाच्या दाबाने हवे तेवढे फवारता येते. हवा मात्र साध्या इंजिनाला स्वतःच ओढून घ्यावी लागते. म्हणूनच ‘अधिक शक्ती हवी, तर अधिक हवा द्या’ हा वेगवान मोटारींच्या शौकिनांचा पहिला धडा असतो.

हवा इंजिनात शिरते ते प्रवेशद्वार म्हणजे थ्रॉटल बॉडी. धातूच्या या नळकांड्यात फुलपाखराच्या पंखांसारखी फिरणारी एक चकती असते. चालकाने अॅक्सिलरेटर दाबला की ती उघडते आणि हवेला वाट मिळते. हे प्रवेशद्वार रुंद केले तर शक्ती वाढेल, हा विचार कोणालाही पटण्यासारखा आहे. याच विचाराच्या आधारावर मोठ्या व्यासाच्या थ्रॉटल बॉडींची बाजारपेठ उभी राहिली. चकचकीत अॅल्युमिनियमचा हा भाग दोन-तीन तासांत बसविता येतो आणि इंजिन उघडावे लागत नाही. शौकिनांच्या खरेदीच्या यादीत तो वरच्या क्रमांकावर असतो, तो त्यामुळेच.

सूत्र खरे आहे. त्यावरून घाईने काढले जाणारे अनुमान मात्र तपासून पाहण्याजोगे आहे.

मस्टँगचा हिशेब

यासाठी अमेरिकेतील फोर्ड मस्टँगचे उदाहरण बोलके आहे. १९८७ ते १९९३ या काळातील ‘५.० लिटर’ मस्टँग ही तेथील हौशी तंत्रज्ञांची अत्यंत लाडकी मोटार. तिच्या आठ सिलिंडरांच्या इंजिनाचे प्रत्यक्ष आकारमान ४,९४२ घनसेंटिमीटर होते. १९८७ साली तिची शक्ती मिनिटाला ४,२०० फेऱ्यांवर २२५ अश्वशक्ती अशी जाहीर करण्यात आली होती. मूळ थ्रॉटल बॉडीचा व्यास ६० मिलिमीटर होता. बाजारात तिच्यासाठी ६५, ७० आणि त्याहूनही मोठ्या व्यासाचे पर्याय आले.

६० मिलिमीटरऐवजी ७० मिलिमीटरची थ्रॉटल बॉडी बसविली, तर तोंडाचे क्षेत्रफळ सुमारे ३६ टक्क्यांनी वाढते. हा आकडा ऐकून खरेदीदाराचे मन तत्काळ शक्तीवाढीच्या गणितात रमते. आता दुसरे गणित पाहावे. चार टप्प्यांचे इंजिन दोन फेऱ्यांत एकदाच पूर्ण श्वास घेते. ४,२०० फेऱ्यांवर आणि सिलिंडर सुमारे ८० टक्के भरतात असे गृहीत धरता, हे इंजिन मिनिटाला साधारण ८,३०० लिटर हवा घेते. ६० मिलिमीटरच्या तोंडातून ही हवा ताशी सुमारे १७५ किलोमीटर वेगाने जाते. एवढा वेग मिळण्यासाठी वातावरणाच्या दाबापैकी जेमतेम दीड टक्का खर्ची पडतो.

चकती व तिचा आस यांचा अडथळा धरून ही हानी दुप्पट मानली, तरी ती तीन टक्क्यांपुढे जात नाही. याचा अर्थ असा, की थ्रॉटल बॉडी जादूने अदृश्य झाली तरी लाभ सहा-सात अश्वशक्तींच्या पलीकडे जाणार नाही. ७० मिलिमीटरच्या थ्रॉटल बॉडीने ही हानी जवळपास निम्मी होते. म्हणजे पदरात पडणारी वाढ दोन-तीन अश्वशक्तींची. २२५ मध्ये ती शोधावी लागते.

मग या इंजिनाचा श्वास कोठे कोंडत होता? पुढच्या टप्प्यांत. इनटेक मॅनिफोल्डच्या नळ्या आणि सिलिंडर हेडमधील हवामार्ग मुळातच अरुंद होते. शिवाय या मोटारीत थ्रॉटल बॉडीच्या लगेच मागे, धुराचा काही अंश इंजिनात परत सोडणारा एक जोडभाग असतो. तोही ६० मिलिमीटरचाच ठेवला, तर सत्तरची हवा साठच्या उंबरठ्यावर अडखळते. तोंड मोठे झाले, घसा तेवढाच राहिला.

बँकेच्या व्यवहारातील साधे उदाहरण घ्यावे. रोखपालाच्या एकाच खिडकीपुढे रांग लागली असताना शाखेचे प्रवेशद्वार रुंद केल्याने ग्राहकाचे काम लवकर होत नाही; फक्त रांगेत सामील होणे सोपे होते. ‘रोग रेड्याला आणि औषध पखालीला’ ही म्हण अशाच उपचारांसाठी आहे.

तोंड हाच अडथळा असतो तेव्हा

प्रवेशद्वाराला काहीच महत्त्व नाही, असा याचा अर्थ नव्हे. ते जेथे सर्वांत अरुंद असते, तेथे तेच शक्ती ठरविते. अमेरिकेतील नॅसकार शर्यतींचा इतिहास याची साक्ष देतो. १९८७ साली टॅलाडेगा येथे बिल इलियट यांनी पात्रता फेरीत ताशी सुमारे ३४२ किलोमीटर वेग गाठला. त्याच स्पर्धेत बॉबी अॅलिसन यांची मोटार टायर फुटून हवेत उडाली आणि प्रेक्षकांपुढील कुंपणावर आदळली. त्यानंतर १९८८ पासून डेटोना व टॅलाडेगा या दोन धावमार्गांवर कार्ब्युरेटरच्या खाली लहान छिद्रांची एक पट्टी बसविणे सक्तीचे झाले. इंजिन तेच आणि चालकही तेच; पण हवेचे तोंड आवळताच शक्ती शेकड्यांनी घटली. ही छिद्रे किंचित मोठी केली असती, तर वेग ताबडतोब वाढला असता. कारण तेथे अडथळा तेवढ्याच जागी होता.

तद्वतच, ज्या मस्टँगला रुंद हवामार्गाचे सिलिंडर हेड, नवा मॅनिफोल्ड आणि झडपा अधिक काळ उघड्या ठेवणारा कॅमशाफ्ट बसविला आहे, तिचे इंजिन अधिक फेऱ्यांवर कितीतरी जास्त हवा मागते. अशा वेळी मूळ ६० मिलिमीटरचे तोंड खरोखर अपुरे पडते आणि थ्रॉटल बॉडीवरील खर्च सार्थकी लागतो. तात्पर्य, हा भाग चांगला की वाईट हा प्रश्नच अपुरा आहे. तो कोणत्या क्रमाने घ्यावयाचा, हा खरा प्रश्न आहे.

पायाखालचा भास

तरीही अनेक मालक शपथेवर सांगतात, की नवी थ्रॉटल बॉडी बसविताच गाडी ‘पळू’ लागली. ते खोटे बोलत नाहीत. तोंड मोठे असल्यामुळे अॅक्सिलरेटर थोडासा दाबताच पूर्वीपेक्षा अधिक वाट उघडते. जी शक्ती आधी अर्ध्या दाबावर मिळत असे, ती आता त्याहून कमी दाबावर मिळते. पायाला हा फरक स्पष्ट जाणवतो आणि मन त्याला शक्तीवाढ समजते. अॅक्सिलरेटर पूर्ण दाबल्यावर मात्र दोन्ही गाड्या जवळजवळ सारख्याच धावतात.

हा भास दूर करण्याचे साधन उपलब्ध आहे. अॅक्सिलरेटर पूर्ण दाबलेला असताना इनटेक मॅनिफोल्डमधील दाब मोजावा. तो बाहेरच्या हवेच्या दाबाएवढा असेल, तर थ्रॉटल बॉडी हवा अडवीत नाही. तो बराच कमी असेल, तरच पुढचा विचार करावा. कारण हवेच्या गाळणीपासूनचा सारा मार्ग या मोजमापात येतो आणि दोष मळलेल्या गाळणीचाही असू शकतो. डायनोवर, म्हणजे चाकांपर्यंत पोहोचणारी शक्ती मोजणाऱ्या यंत्रावर, बदलाच्या आधी व नंतर चाचणी घेतली की उरलेली शंकाही फिटते. जुन्या गाडीत काजळीने माखलेली मूळ थ्रॉटल बॉडी स्वच्छ केल्यानेही हरवलेला तरतरीतपणा पुष्कळदा परत येतो.

किमतीपलीकडची किंमत

या खरेदीची किंमत केवळ पावतीवरील रकमेत मोजता येत नाही. मोठ्या तोंडाची हवा इंजिनाच्या संगणकाला नीट समजली नाही, तर थांबलेल्या गाडीचे इंजिन एका लयीत चालत नाही आणि पुन्हा दुरुस्तीचा खर्च येतो. निकृष्ट बनावटीची चकती उघडी अडकून बसली, तर पाय उचलल्यावरही गाडीचा वेग कमी होत नाही. दोन-तीन अश्वशक्तींसाठी पत्करावा असा हा धोका नव्हे.

कायद्याचीही बाजू आहे. अमेरिकेतच कॅलिफोर्निया राज्यात हवामार्गातील असे सुटे भाग रस्त्यावरील वाहनात वापरण्यासाठी तेथील वायुसंसाधन मंडळाची मान्यता लागते. मोटारीत फेरफार करण्याची हौस भारतातील शहरांतही रुजलेली असल्याने येथील तरतूद माहीत असणे अगत्याचे आहे. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार, नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील उत्पादकाने मूळ निर्दिष्ट केलेल्या तपशिलांशी विसंगत ठरतील असा बदल वाहनात करता येत नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर अशा बेकायदा बदलासाठी मालकाला प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कारावास किंवा दोन्ही होऊ शकतात. एखादा बदल या तरतुदीत येतो की नाही, हे परिवहन कार्यालयाकडून आधीच जाणून घेणे श्रेयस्कर. वाहन कर्जाऊ असेल, तर कर्ज फिटेपर्यंत ते बँकेकडे तारण असते. विमा कंपनीला न कळविलेला बदल नुकसानभरपाईच्या वेळी वादाचे कारण ठरू शकतो, तेव्हा त्याची झळ मालकाच्या खिशाला बसते आणि कर्जाच्या हप्त्यांनाही.

हौसेला मोल नसते, हे खरे. परंतु हौसेच्या पैशाला मोल असते आणि तो बहुधा एखाद्या तरुणाच्या पहिल्या काही वर्षांच्या बचतीतून आलेला असतो. त्याने पहिला खर्च मोजमापावर करावा, दुसरा टायर व ब्रेक यांच्या सुस्थितीवर आणि तिसरा, मोजमापाने दाखविलेल्या अडथळ्यावर. तो अडथळा थ्रॉटल बॉडीच निघाली, तर ती निःशंकपणे बदलावी. अन्यथा चकाकणारा तो भाग दुकानाच्या काचेमागेच शोभून दिसेल आणि बचत खात्यातील रक्कम खऱ्या गरजेसाठी शिल्लक राहील.